ग्लासच्या आधी किल्ली

हळद रात्री एकला संपली आणि वऱ्हाड सकाळी सहाला निघालं, तर गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात किती दारू असेल? ढोबळ हिशोब करून बघू. सत्तर किलो वजनाचा माणूस रात्री नऊ ते एक या वेळात एक क्वार्टर आणि वर एक मोठी स्ट्राँग बिअर घेतो. हळदीच्या मांडवात याला कोणी ‘जास्त घेतली’ म्हणत नाही. क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, साडेसहाशे मिलिच्या स्ट्राँग बाटलीत चाळीसेक. आपलं यकृत हे सगळं एका ठरलेल्या संथ गतीने निपटतं. तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे साधारण पंधरा मिलिग्रॅम उतरते, आणि ही गती आपल्या घाईवर ठरत नाही. हिशोब मांडला तर सकाळी सहाला त्या माणसाच्या रक्तात सत्तर-ऐंशी मिलिग्रॅम शिल्लक असू शकते. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. म्हणजे चार तास झोपून, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून स्टेअरिंगवर बसलेला हा गृहस्थ कायद्याच्या आणि शरीराच्या लेखी अजून प्यायलेलाच आहे. त्याला स्वतःला मात्र अगदी ताजंतवानं वाटतंय.

म्हणून पहिली सूचना रात्रीची नसून सकाळची. भरपूर घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीला हात लावू नका. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी डोळे उघडतात, रक्तातली दारू तसूभरही कमी होत नाही. भरल्या पोटी प्यायलं तर ती सावकाश चढते, इतकाच जेवणाचा उपयोग. बडीशेप आणि पान खाऊन पोलिसाच्या नाकाला फसवता येईल. ज्या यंत्रात फुंकायला लावतात ते वासावर चालत नाही.

‘एकच घेतलाय’ हे वाक्यही याच हिशोबात तपासून बघा. एक लार्ज म्हणजे साठ मिलिलिटर, त्यात वीसेक ग्रॅम अल्कोहोल. उपाशी पोटी भरभर घेतलेला तेवढा एकच पेग सत्तर किलोच्या पुरुषाला तीसच्या पुढे नेऊ शकतो. पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात तोच पेग साठीच्या घरात जातो. त्यामुळे ‘किती घेतली तर चालते’ या प्रश्नाला गाडी चालवायची असेल तर मी एकच उत्तर देतो: अजिबात नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं, प्रत्येक बाटली वेगळी, आणि हिशोब करणारं डोकं नेमकं त्याच वेळी हिशोबाच्या लायकीचं उरलेलं नसतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजारांपर्यंत दंड. हा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. ‘इथंच मिटवू’ असं कोणी म्हणत असेल तर तो दंड नव्हे, लाच आहे. फुंकायला नकार देऊनही सुटका नाही. नकाराचा अर्थ तुमच्या विरोधातच लावला जातो आणि विनावॉरंट अटक होऊ शकते. नळी नवी आणि बंद पाकिटातली आहे का, हे बघण्याचा हक्क बजावा. नुकतंच खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश घेतलं असेल तर शांतपणे सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. तोंडातला अंश तेवढ्या वेळात जातो, रक्तातला जात नाही. विम्याचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. प्यायलेल्या चालकाच्या गाडीचं नुकसान कंपनी भरून देत नाही, आणि समोरच्या जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना दिलेली भरपाई नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ही रक्कम लाखांत जाते. दहा हजारांच्या दंडाची भीती घालणाऱ्यांनी खरं तर हे सांगायला हवं.

मुंबईत वाहतूक पोलिसांनी २००७ पासून ही तपासणी जोरात सुरू केली. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथाशी झोपलेले सात मजूर एका मद्यधुंद तरुणाच्या गाडीखाली चिरडले गेले होते. नाकाबंदीचा परिणाम होतो यात शंका नाही. पण तो शिक्षा मोठी आहे म्हणून होत नाही, आज आपण अडवले जाऊ असं वाटतं म्हणून होतो. म्हणूनच ‘पुलाखाली उभे आहेत, आतल्या रस्त्याने ये’ असे मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्या मित्रांवर माझा राग आहे. आतल्या रस्त्यावर पोलीस नसतात हे खरं. दिवेही नसतात, आणि कडेला माणसं झोपलेली असतात.

आता मुख्य मुद्दा. प्यायलेल्या माणसाला शहाणपण शिकवण्यात बहुतेक मोहिमा आपली शक्ती खर्च करतात. तो माणूस त्या क्षणी कोणाचंही ऐकण्याच्या स्थितीत नसतो. ऐकू शकतात ते त्याच्या आजूबाजूचे, न प्यायलेले किंवा अजून न प्यायलेले लोक: यजमान, बायको, मित्र, बाप, बारचा मॅनेजर. गाडीची किल्ली कोणाकडे राहणार, हे पहिला ग्लास भरण्याआधी ठरलं पाहिजे. त्यानंतर ठरवायला बसलात तर वाद होतो, आणि त्या वादात बहुतेक वेळा प्यायलेलाच जिंकतो.

स्वतःपुरतं करायचं ते सोपं आहे. जिथे पिणं होणार तिथे गाडी नेऊच नका. गाडी बरोबर असली की रात्री बाराला ‘आता हिला इथे कुठे ठेवू’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं. रिक्षाचे, कॅबचे परतीचे पैसे निघण्यापूर्वीच बाजूला काढा. ३१ डिसेंबरला, आषाढातल्या शेवटच्या रविवारी आणि गटारीला मध्यरात्री कॅब मिळत नाही किंवा तिप्पट पैसे मागते, हे दरवर्षी कळतं आणि दरवर्षी आपण विसरतो. चौघांत एकाने अजिबात प्यायची नाही असं ठरवलं असेल, तर तो ‘सगळ्यांत कमी प्यायलेला’ नव्हे, मुळीच न प्यायलेला असला पाहिजे. त्याचं जेवण आणि सरबत बाकीच्यांनी भरावं आणि त्याची टिंगल करू नये. पुढच्या वेळी पाळी दुसऱ्याची.

यजमानाची जबाबदारी मोठी, आणि आपल्याकडे तिचा विचारच होत नाही. हळद असो, फार्महाऊसवरची पार्टी असो की निवडणूक जिंकल्याचं जेवण, दारूचा खर्च लाखात काढणाऱ्याला चार गाद्या आणि दोन पगारी चालकांचा खर्च डोईजड वाटू नये. पाहुणे मुक्कामी राहतील असं आधीच सांगा, म्हणजे त्यांच्या घरच्यांचीही तयारी राहते. जेवण उशिरा काढायची पद्धत मोडा; रात्री साडेअकराला पंगत बसणार असेल तर तोवर माणसं रिकाम्या पोटी पीत राहतात. गाडी लावायला नेमलेल्या पोराकडे सगळ्या किल्ल्या जमा होतात, त्याच्याजवळ घरातला एक जबाबदार माणूस उभा करा. किल्ली परत देताना समोरच्याशी दोन वाक्यं बोलली तरी बरंच कळतं.

आणि चालकांकडे बघा. वऱ्हाडाची बस, टेम्पो ट्रॅव्हलर, नवरदेवाची सजवलेली गाडी यांचे चालक मांडवामागे तासन्‌तास ताटकळत बसलेले असतात. त्यांच्या जेवणाची आठवण शेवटी होते, पण ‘बिचारा कधीचा बसलाय’ म्हणून कोणीतरी प्रेमाने प्लास्टिकच्या ग्लासात ओतून नेतं. पन्नास माणसांचा जीव ज्याच्या हातात आहे त्याला असा पाहुणचार करणारा माणूस वाईट नसतो, पण धोकादायक नक्की असतो. चालकांचं पान पहिल्या पंगतीला वाढा, पाय पसरायला जागा द्या, आणि त्यांना कोणी पाजणार नाही हे घरातल्या एका काकांवर सोपवा. काका न पिणारे असावेत, हे वेगळं सांगायला नको.

प्यायलेल्याकडून किल्ली काढून घेणं हेही एक कौशल्य आहे. ‘तुला चढलीये’ असं कधी म्हणू नका. त्या वाक्यानंतर तो आपल्याला चढली नाही हे सिद्ध करायला निघतो. चारचौघांत नको, बाजूला घ्या, आणि त्याचं एरवी ज्याच्याशी पटतं अशा एखाद्याला पुढे करा. दारूवर चर्चा नको, सोय सांगा: ‘तुझ्या गाडीपुढे दुसरी गाडी लागलीये, सकाळी काढू, रिक्षा आलीये, चल.’ किल्ली सापडत नाही हे खोटं बोललात तरी त्याचं पाप लागत नाही. दुचाकी असेल तर जास्त काळजी घ्या, कारण तिथे पहिला मरणारा बहुतेक वेळा स्वतः चालवणाराच असतो, आणि मागे बसलेली दुसरी.

मागे किंवा शेजारी बसण्याची वेळ आली तर? नवरा प्यायलेला, मांडीवर लेकरू, सासरची माणसं ‘काही होत नाही, रोजचा रस्ता आहे’ म्हणताहेत: अशा वेळी बायकोने ठाम राहावं असं लिहिणं सोपं आहे. शक्य असेल तर बसूच नका, ‘आज इथेच राहते’ म्हणा. बसावंच लागलं तर मुलाला उलटी होतेय सांगून पहिल्या पेट्रोलपंपावर किंवा हॉटेलपाशी उतरा, उजेडात थांबा, भावाला नाहीतर शेजाऱ्याला फोन लावा. धमकी, मारहाण यांची भीती असेल तर ११२. हे आधी मनात ठरलेलं असेल तरच त्या क्षणी सुचतं.

मुलांचा विषय आला की घराघरांत एक गैरसमज आढळतो: अठरा पूर्ण झाली की सगळं चालतं. महाराष्ट्रात देशी-विदेशी कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं, सौम्य बिअर आणि वाइनसाठी एकवीस. शिवाय पिण्याचा परवाना लागतो, जो फारच थोड्यांकडे असतो. गोव्यात मर्यादा अठरा आहे, त्यामुळे कॉलेजची सहल तिथून परतली की पोरांना इथला कायदा विनोद वाटतो. तो विनोद नाही. जुलै २०२४ मध्ये वरळीत झालेल्या एका अपघातानंतर जुहूच्या एका बारवर कारवाई झाली ती पंचविशीच्या आतल्या तरुणाला कडक दारू दिली म्हणून.

त्याआधी दोनच महिने, १९ मे २०२४ च्या पहाटे, पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेला जामीन सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट दुसरी आहे. त्या रात्रीत मुलाला अडवू शकणारे मोठे लोक जागोजागी होते. कोणाच्या तरी घरून गाडी मिळाली, कोणीतरी टेबलावर दारू आणून ठेवली. म्हणूनच गुन्हे वडिलांवर आणि दारू देणाऱ्या हॉटेलवाल्यांवरही दाखल झाले. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून नंतर डॉक्टरांना अटक झाली, तो प्रकार तर आणखी पुढचा.

पालकांनी दोन कलमं माहीत करून घ्यावीत. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ: अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीमालक धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीतच नव्हतं, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करणं पालकाच्या गळ्यात. दुसरं, बाल न्याय कायद्याचं कलम ७७: लहान मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘मुलगा सोळाचा झाला, स्कूटर चालवू शकतो’ म्हणणाऱ्यांनी नियम पुन्हा वाचावा. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती पन्नास सीसीच्या आतल्या, गिअर नसलेल्या गाडीची. घरोघरी उभी असलेली स्कूटर शंभर सीसीच्या वरची असते. दुसरी किल्ली दाराशी खुंटीला लटकवू नका. ‘काळजी घेतली’ हे सांगताना ती खुंटीच आधी आठवेल.

घरातल्या पहिल्या घोटाबद्दल आपण फार ढिले आहोत. गटारीच्या बैठकीत काका बारावीतल्या पुतण्यापुढे ग्लास धरतो, ‘घे रे घोटभर, मर्द झालास’, सगळे हसतात आणि आई स्वयंपाकघरातून ऐकून गप्प राहते. वाढीच्या वयातला मेंदू, विशेषतः धोक्याचा अंदाज घेणारा आणि स्वतःला आवरणारा भाग, विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पंधराच्या आधी सुरुवात झालेल्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका कितीतरी अधिक असतो. ‘घरी शिकवली तर बाहेर मर्यादेत पितील’ हा युक्तिवाद सुशिक्षित घरांतही ऐकू येतो. मला तो पटत नाही. घरी दिलेला घोट म्हणजे परवानगी, असंच मूल समजतं. काकाला त्याच बैठकीत, हसत का होईना, थांबवा.

मुलांशी बोलायचं ते प्रसंग घडण्याआधी, जेवताना किंवा गाडीत, समोरासमोर न बसता. फोटो दाखवून घाबरवू नका. त्यांना दोन गोष्टी हव्या असतात: मित्रांपुढे नाक न कापता निसटायची वाट, आणि चूक झाल्यावर फोन करता येईल असं माणूस. पहिलीसाठी घरात एक खुणेचा मेसेज ठरवा. मुलाने ‘आजीची बीपीची गोळी कुठे ठेवलीये?’ असं पाठवलं की आईने दोन मिनिटांत फोन करून जोरात ओरडायचं, ‘आत्ताच्या आत्ता घरी ये, बाबा न्यायला निघालेत!’ मित्रांसमोर वाईट होतात ते आईबाप. पोराची लाज राखली जाते. दुसरीसाठी एक शब्द द्या, आणि तो पाळा:

‘तू प्यायलेला असलास किंवा तुला आणणारा प्यायलेला असला, तरी रात्री कितीही वाजता फोन कर. मी येईन. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.’

‘आणि दुसऱ्या दिवशी?’

‘दुसऱ्या दिवशी विचारेन. पण तू जिवंत असशील.’

दुसऱ्या दिवशी खरोखर विचारा, मात्र कोणाचा फोन हिसकावून नाही आणि नातेवाइकांना गोळा करून तर मुळीच नाही. त्या रात्री गाडीतच तोंडसुख घेतलंत तर पुढचा फोन कधीच येणार नाही.

पोरांना स्वतःला शिकवावी अशी एक गोष्ट शाळा-कॉलेजांत कोणी सांगत नाही. पैज लावून, नाहीतर बाटली तोंडाला लावून प्यायलेला मित्र निपचित पडला की बाकीचे म्हणतात, ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.’ पोटातली दारू अजून रक्तात जात असते; झोपल्यावरही ती चढतच राहते. हलवून, चिमटा काढूनही जागा होत नसेल, श्वास रेंगाळत असेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, अंग गार आणि ओठ निळसर दिसत असतील, बेशुद्धीतच उलटी होत असेल, तर हे झोपणं नव्हे. लगेच १०८ ला फोन करा. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा, म्हणजे तो उताणा होणार नाही आणि उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात बोटं घालून ओकवू नका, पाणी पाजू नका, गार पाण्याखाली धरू नका, एकट्याला सोडू नका. घरी कळेल या भीतीने घालवलेला अर्धा तास महाग पडतो. डॉक्टरला काय आणि किती घेतली ते खरं सांगा. बरोबर कसली गोळी घेतली असेल तर तेही. रस्त्यावर अपघात दिसला तरी १०८ लावायला कचरू नका. मदत करणाऱ्याला पोलिसांनी स्वतःचं नाव-पत्ता देण्याची सक्ती करू नये, अशी तरतूद आता कायद्यातच आहे.

गल्लीतलं वाइन शॉप किंवा बिअर शॉपी गणवेशातल्या पोरांना बाटली देत असेल, तर दुकानदाराशी भांडण्यापेक्षा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, दुकानाच्या पाटीवरचा परवाना क्रमांक लिहा. मुलांचे चेहरे दिसणारे व्हिडिओ मात्र पसरवू नका. पोलीस ठाण्यापेक्षा परवान्यावर गदा आणणारा विभाग दुकानदाराला जास्त समजतो. आणि दुकानच नको असेल तर महाराष्ट्रातल्या बायकांच्या हाती आडवी बाटली आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान घेता येतं आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. यात मेख अशी की टक्केवारी मतदानाला आलेल्या बायकांवर नाही, यादीतल्या सगळ्या बायकांवर धरतात. त्यामुळे परगावी गेलेल्या, वारलेल्या नावांसकट यादी आधी तपासून घ्या आणि मतदानाच्या दिवशी प्रत्येकीला घरातून बाहेर काढायची तयारी ठेवा. कितीतरी गावांत पडलेल्या मतांत आडवी बाटली पुढे होती, तरी आकडा न गाठल्याने दुकान चालूच राहिलं.

शेवटी, ज्याची पिऊन गाडी काढण्याची ही दुसरी किंवा तिसरी वेळ आहे त्याच्याबद्दल. किल्ली लपवणं हा त्याच्यावरचा इलाज नाही, तो फक्त आजच्या रात्रीपुरता बंदोबस्त. सकाळी हात थरथरणं, घेतल्याशिवाय झोप न लागणं, सुटीच्या दिवशी दुपारीच सुरुवात, ही व्यसनाची लक्षणं आहेत, आणि त्याला आजाराप्रमाणेच उपचार लागतात. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये. झटके येऊ शकतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारखी केंद्रं आहेत, शहरोशहरी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा भरतात, आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे फोन करायला पिणाराच तयार हवा असं नाही. बायको, आई, मुलगी कोणीही करू शकते. त्याला उपचाराला यायला राजी कसं करायचं, हेही तिथे विचारता येतं.